धाकटी आणि एक खाडा

माझी मावशी जंतू पाळते, असं मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. पण ते खरंच होतं. माणसाच्या आतड्यातले चौदा जातींचे जंतू प्रयोगशाळेतल्या एका काचेच्या बरणीत एकत्र नांदवायचे, हे तिचं काम. बरणी अंगाइतकी ऊबदार आणि बंद पेटीत, कारण हवा लागली की ते मरतात. पेटीला जोडलेल्या जाड हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून मावशी बरणीतलं अर्धं पाणी काढायची आणि तेवढंच ताजं खाद्य ओतायची. रोज सकाळी सात वाजता. जंतूंना कुठला आलाय रविवार! चार वर्षांत तिचा एकही खाडा नव्हता. याचा तिला अभिमान होता. तिची पाठदुखीही यातूनच आलेली.

तेरा जाती मजेत वाढत. चौदावीला मावशी धाकटी म्हणायची. ती तिसऱ्या आठवड्यात हटकून नाहीशी व्हायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी अकरा वेळा खाद्य बदललं, अकरा बरण्या वाया गेल्या. बाराव्या बरणीच्या वेळी वरून निरोप आला, आता धाकटी टिकली नाही तर काम बंद. म्हणजे मावशीही घरी. घरात ती आणि आजी, कमावणारी ती एकटी.

नेमकं तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, मावशी बूट घालत असताना आजी न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. सगळा दिवस दवाखान्यात गेला.

सोमवारी, खाद्य दिल्याची वेळ रोज लिहायच्या वहीत रविवारची ओळ कोरी होती. 'सात' लिहिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मावशी पेन धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने लिहिलं, 'खाद्य दिलं नाही.' नोकरी गेली असं धरूनच ती घरी आली आणि न जेवता झोपली.

गुरुवारी तपासणी झाली. धाकटी होती, आणि आधीपेक्षा जास्त होती. मॅडमनी वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

"ही मुळातच संथ. दुप्पट व्हायला हिला एक दिवस पुरत नाही, आणि आपण रोज अर्धं पाणी काढतो. त्यात वाहून जाते ती. खाद्यात खोट नव्हतीच." मग हसून मावशीला म्हणाल्या, "अहो, चार वर्षांत एकदा तरी दांडी मारायची होती ना!"

सगळे हसले. नोकरी राहिली, वर रविवारची सुट्टी मिळाली. मला मात्र हे नंतर ऐकून त्या मॅडमचा फार राग आला. त्या संध्याकाळी मी आजीजवळ होते. मावशी घरी आली, खाटेच्या कडेला बसली आणि एक बूट काढून तशीच राहिली.

"अकरा वेळा मीच मारलं गं तिला," ती आजीला म्हणाली. "वेळेवर जाऊन जाऊन."

प्लास्टरमधला हात पोटावर धरून आजीने विचारलं, "म्हणजे आता रविवारी घरी असशील?"

"हो."

"मग मला पडायला नको," आजी म्हणाली.