रिकाम्या काचपेटीसमोरची सहा मिनिटे

नोकरीतली सगळी प्रकरणे लक्षात राहत नाहीत. मी एकूण दोनशे अकरा गुन्ह्यांचा तपास केला, त्यांतले निम्मे आता वही उघडल्याशिवाय सांगता येणार नाहीत. एका प्रकरणासाठी मात्र मला वही लागत नाही. चोर सापडला, माल सापडला, आरोपपत्र मुदतीच्या सव्वीस दिवस आधी गेले. तरीही त्या तपासात जिंकल्यासारखे मला कधी वाटले नाही.

माझे वडील हवाई दलात होते. बख्शी का तालाबला त्यांची बदली झाली आणि सांगली जिल्ह्यातले आमचे घर लखनौचे झाले. मी उत्तर प्रदेश पोलिसांत फौजदार म्हणून लागलो आणि चोपन्नाव्या वर्षी, निरीक्षक असताना, स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता गोमती नगरला राहतो. हे प्रकरण निवृत्तीच्या दोन वर्षे आधीचे, बख्शी का तालाबच्या पुढे एका कस्ब्याच्या, म्हणजे छोट्या शहराच्या, ठाण्यावर असतानाचे. त्यातल्या कुणाचेही नाव मी लिहिणार नाही.

त्या कस्ब्यात एका जुन्या कोठीत लहानसे संग्रहालय होते. नाणी, तलवारी, हस्तलिखिते, चिकनकामाचे लाकडी ठसे आणि काही चित्रे, अशा सहा खोल्या. दर रविवारी सकाळी अकरा वाजता तिथे फेरी असे. एक निवृत्त इतिहास शिक्षक लोकांना खोल्याखोल्यांतून फिरवत आणि माहिती सांगत. वय एकाहत्तर. सगळे त्यांना मास्टर साहब म्हणत. वीस वर्षे त्यांनी हे काम विनामोबदला केले होते. बायको वारली होती, मुलगा कानपूरला. आठवड्याचे सहा दिवस ते रविवारची वाट पाहत, असे शेजारी सांगत.

फेरी बावन्न मिनिटांची. त्यातली सहा मिनिटे वरच्या मजल्यावरच्या एका काचपेटीसाठी राखलेली. पेटीत हस्तिदंतावर रंगवलेले, चांदीच्या चौकटीतले एका बाईचे छोटे चित्र होते. तिच्या मनगटावर बुलबुल. त्या चित्रापाशी मास्टर साहब प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारत, “फ़रमाइए, ये हँसने वाली हैं, या अभी-अभी हँसकर चुप हुई हैं?” मग लोक वाद घालत. नवरा-बायको तर हमखास वेगवेगळ्या बाजूंना जात.

एका सोमवारी संग्रहालय समितीचे सचिव ठाण्यात आले. तारांचे काम कुठवर आले ते पाहायला ते सकाळी वर गेले, तर चित्र चौकटीसकट नाहीसे झाले होते. पेटीचे कुलूप शाबूत, आत पितळी स्टँड आणि माहितीचे कार्ड तेवढे शिल्लक. वरच्या खोलीत दिव्यांच्या तारा बदलण्याचे काम चालू होते, म्हणून लोकांसाठी ती खोली फक्त रविवारच्या फेरीपुरती उघडत. खोलीची आणि पेटीची किल्ली चौकीदाराकडे. कॅमेरा एकच, तोही तिकिटाच्या टेबलावर आणि बंद.

संशय साहजिकच चौकीदारावर गेला. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखत म्हणून वर फारसा जात नसे. मी त्याला चौकशीसाठी बोलावले. चार दिवस तो सकाळी नऊला येऊन बाकावर बसे आणि संध्याकाळी सहाला जाई. “साहब, ताला मैंने खोला, ताला मैंने लगाया. बस इतना ही जानता हूँ,” एवढेच त्याचे म्हणणे. समितीने त्याला कामावरून दूर केले. त्याच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरले होते, त्या घरून निरोप आला की आधी हे प्रकरण निकाली निघू दे.

पाचव्या दिवशी ठाण्यात एक फोन आला. नाव सांगितले नाही. दीवानजीने, म्हणजे आमच्या ठाण्याच्या मुख्य लेखनिक हवालदाराने, तो घेतला आणि मला सांगितले, “सर, कोई कह रहा है कि मास्टर साहब से पूछिए, ख़ाली डिब्बे पर तक़रीर क्यों करते हैं.”

मी संग्रहालयाची अभिप्राय वही मागवली. एका रविवारचा एक शेरा असा होता: “बुलबुल वाली ख़ातून को मास्टर साहब ने ऐसे बयान किया कि तस्वीर की कमी महसूस ही नहीं हुई.” तक्रार आली त्या सोमवारच्या आदल्या नव्हे, तर त्याच्याही दोन आठवडे आधीच्या रविवारचा तो शेरा होता. म्हणजे चोरी तीन रविवारांपूर्वीची होती, आणि तिन्ही रविवारी मास्टर साहब रिकाम्या पेटीसमोर बोलत राहिले होते.

वहीत नावापुढे फोन नंबर लिहिण्याची पद्धत होती. तीन रविवारी मिळून एक्केचाळीस माणसे. सदतीस जणांशी बोलणे झाले. सहा जण मागे उभे होते, त्यांना पेटी दिसली नव्हती. उरलेल्या एकतीस जणांनी पेटी रिकामी आहे हे स्वच्छ पाहिले होते. तिथे उभे असताना त्यांतल्या एकानेही तोंड उघडले नव्हते.

“अरे साहब, बुज़ुर्ग बोल रहे थे, बीच में टोकते कैसे?” बहुतेकांचे उत्तर हेच. काहींना वाटले, चित्र सफाईला गेले असेल. एकाला वाटले, हीच यांची सांगण्याची तऱ्हा असेल. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी मराठी निघाल्या. त्या म्हणाल्या, “अहो, इतकं रंगून सांगत होते. मध्येच कसं म्हणायचं, की आजोबा, तिथे काहीच नाहीये?”

“त्यांनी तो प्रश्न विचारला का? हसणार आहे की हसून झाली आहे?”

“विचारला ना.”

“मग?”

“मी म्हटलं, हसणार आहे. हे म्हणाले, हसून झाली.”

बाहेरगावचे लोक असते तर पहिल्याच रविवारी कुणीतरी ओरडले असते. इथे एकतीस माणसांनी अदब पाळली आणि चोराला तीन आठवडे मिळाले.

आता संशय मास्टर साहबांवर होता. चित्र नाही हे तीन रविवार पाहूनही जो बोलत राहतो, तो काहीतरी लपवतो. त्या वयाच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून मी घरी येतो असा निरोप धाडला. तर ते स्वतःच ई-रिक्षाने आले. इस्त्रीची शेरवानी, हातात छडी. म्हणाले, “पुलिस हमारे दरवाज़े पर आए, मोहल्ले वाले क्या कहेंगे, हुज़ूर.”

चहा आला. कप टेबलावर टेकल्याचा आवाज झाल्यावरच त्यांचा हात पुढे आला. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

दीड तास विचारपूस केली. चित्र शेवटचे कधी पाहिले? “आख़िरी इतवार को.” रिकामी पेटी दिसली नाही? छडी या हातातून त्या हातात गेली. चौकीदाराने सांगितले होते का गप्प राहायला? “वो शरीफ़ आदमी है.” मग तुम्ही? “जो मुनासिब समझें, लिख लीजिए.”

साक्षीदाराच्या जबाबावर आम्ही सही घेत नाही. पण लिहिलेले त्याला वाचायला द्यायचे, ही माझी सवय होती. दीवानजीने कागद त्यांच्या हातात दिले. मास्टर साहबांनी चष्मा लावला, सावकाश वाचले, योग्य वेळ घेऊन पाने उलटली आणि कागद परत केले. “सब दुरुस्त है.”

कागद फाइलला लावताना मी पाहिले. दीवानजीच्या हातून चूक झाली होती. मास्टर साहबांनी ‘वाचला’ तो जबाब दुसऱ्याच गुन्ह्यातला होता, शेजारच्या गावातल्या म्हशीच्या चोरीचा, साडेतीन पानांचा.

मी दीवानजीला बाहेर पाठवले आणि दार लावले. “मास्टर साहब, कब से दिखाई नहीं देता?”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “काला मोतिया है. दो साल से सिर्फ़ उजाला-अँधेरा.” काचबिंदू. डॉक्टरने हात टेकले होते. मुलालाही सांगितले नव्हते, नाहीतर तो कानपूरला घेऊन गेला असता. वीस वर्षांच्या सवयीने कोठी पाठ होती. जिन्यापर्यंत चौदा पावले, बावीस पायऱ्या, वर उजवीकडे नऊ पावले की काचपेटी. आकडे त्यांना माझ्याइतकेच पाठ होते.

“आप पर चोरी का शक जा रहा था. तब भी नहीं बोले?”

“चोर समझते तो साबित करना पड़ता, हुज़ूर. अंधा समझते तो इतवार को ही छुट्टी कर देते.”

मी त्यांना चौकीदाराची अवस्था सांगितली. नोकरी गेली, मुलीचे लग्न अडले. मी हे मुद्दाम सांगितले, ते मान्य करतो. त्यांनी दोन्ही हात छडीवर ठेवले आणि मान खाली घातली. नंतर जे सांगितले ते असे.

पहिल्या रिकाम्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते नेहमीप्रमाणे पावले मोजायला वर गेले होते. तारांचे काम करणारा वीजमिस्त्री खोलीत होता. त्याने मोठ्याने सांगितले, “आदाब मास्टर साहब, बल्ब बदल रहा हूँ.” पण बल्ब दाराजवळच्या छताला होता आणि आवाज आला तो पेटीच्या बाजूने, जमिनीलगतून. शिवाय काच सरकताना करकरते, ती करकर त्यांनी ऐकली होती. ती करकर ते वीस वर्षे ओळखत होते. तेव्हा वाटले, काच पुसत असेल. मी रिकाम्या पेटीबद्दल विचारले तेव्हा सगळा उलगडा त्यांना झाला. पण आवाजावरून सांगतो म्हटले की पुढचा प्रश्न एकच होता.

“एक गुज़ारिश है,” ते म्हणाले. “मिस्त्री को पकड़िए. वो बात न लिखिए.”

मी म्हणालो, लिहावीच लागेल. साक्षीदाराने पाहिले नाही, ऐकले, तर का पाहिले नाही हे जबाबात यायलाच हवे. न लिहिले तर बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत प्रकरण मोडून काढेल आणि संशय फिरून चौकीदारावरच येईल. त्यांनी फक्त मान हलवली. जाताना मी त्यांचा दंड धरून त्यांना ई-रिक्षापर्यंत नेले. येताना ते एकटेच आत आले होते.

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी लखनौतल्या निशातगंजमध्ये, त्याच्या भाड्याच्या खोलीत सापडला. चित्र अवजारांच्या पेटीत, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेले. कुलूप त्याने उघडले नव्हतेच, बिजागरीचे स्क्रू काढून काच सरकवली आणि परत बसवले. मी विचारले, एवढ्या उघड्यावर हिंमत कशी झाली?

“साहब, उन्हें दिखता नहीं, ये मैंने पहले ही दिन देख लिया. सीढ़ी रास्ते में रखी थी. टकरा गए, और सीढ़ी से बोले, माफ़ कीजिएगा जनाब.”

दीवानजी हसला. मग त्याचा तोच गप्प झाला.

चौकीदार कामावर परतला, मुलीचे लग्न झाले, मला पत्रिका आली. चित्र अकरा दिवस आमच्या मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या खोलीत, होते, मग न्यायालयाच्या आदेशाने संग्रहालयाला परत गेले. जबाबाची प्रत समितीपर्यंत पोहोचली आणि समितीने मास्टर साहबांना पत्र दिले. भाषा अतिशय सभ्य होती. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करून रविवारची फेरी तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. ती पुन्हा सुरू झाली नाही.

तळमजल्यावरच्या खोलीत खुर्ची टाकून त्यांना बोलू द्या, चित्र खाली आणा, असे मी समितीला सुचवू शकलो असतो. त्यासाठी कुठल्याही कलमाची गरज नव्हती, सचिवांना एक फोन पुरला असता. मी तो केला नाही, कारण आरोपपत्र गेल्यावर माझ्या लेखी काम संपले होते. या प्रकरणाने मला काही शिकवले असेल तर ते एवढेच. मी लिहिले ते खरे होते आणि लिहिणे भाग होते, यावर मी आजही ठाम आहे. पण आपण लिहिलेल्या खऱ्या ओळीने एखाद्याचे काय गेले, हे जाऊन पाहणे हाही कामाचाच भाग असतो. ते मला उशिरा कळले.

सात महिन्यांनी, रविवारच्याच दिवशी, मी पत्नीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. शेरवानी घातलेली होती. पावलांवरूनच त्यांनी मला ओळखले. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मुलगा पुढच्या महिन्यात न्यायला येणार होता.

मग ते म्हणाले, “हुज़ूर, ग्यारह दिन वो आपके पास रहीं. हमें तो देखे हुए दो बरस से ऊपर हो गए. अब आप ही फ़रमाइए, हँसने वाली हैं, या हँसकर चुप हुई हैं?”

मी आठवू लागलो. पत्नी माझ्याकडे पाहत होती. पंचनाम्यातली ओळ मला जशीच्या तशी पाठ होती. तीच बाहेर पडली.

“साढ़े चार इंच बाई तीन इंच.”

त्यांनी शेरवानीची घडी सारखी केली. मग हलकेच म्हणाले, “दुरुस्त है.”

परतताना गाडीत पत्नी म्हणाली, “अहो, काहीतरी एक सांगायचं. हसणार आहे म्हणायचं.”

एकतीस माणसांनी तेच केले होते. मला जमले नाही. मालखान्यात ते चित्र मी पाच वेळा हातात घेतले होते आणि पाचही वेळा मोजले होते.