शून्य दराच्या चार निविदा

सदर व्यक्तीचे नाव श्रीमती नंदा दामोदर रामटेके असे असून वय वर्षे एकोणसाठ आहे. मूळ गाव पुलगाव, जिल्हा वर्धा. हल्ली मुक्काम कर्वेनगर, पुणे. बांधा मध्यम, वर्ण सावळा, चष्मा कायम. एका शासकीय कार्यालयाच्या खरेदी शाखेतून वरिष्ठ लिपिक या पदावरून नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त. संगणक अर्हता: परीक्षा उत्तीर्ण (वेतनवाढ रोखली जाऊ नये म्हणून). प्रवर्ग: राखीव. सवलतींचा लाभ घेतला आहे काय: होय. विभागीय चौकशी: निरंक. वरिष्ठांचा शेरा: 'कामात चोख, परंतु लहानसहान बाबींवरून संतापण्याची प्रवृत्ती.'

लहानसहान बाब म्हणजे काय, हे शेऱ्यात लिहायची पद्धत नाही. एकदा कार्यालयाने शंभर कुलपं मागवली होती. पुरवठादाराने कुलपं शंभर पाठवली आणि किल्ल्या ऐंशी. वर विचारलं, "बाई, भाव कुलपाचा लावलाय, किल्लीचा कुठं लावलाय?" नंदाताई संतापल्या. साहेबांना ते बरं वाटलं नाही. पुरवठादार चांगला माणूस होता, दिवाळीला मिठाई पाठवायचा.

निवृत्तीनंतर नंदाताईंना संतापायला फारसं काही उरलं नव्हतं. मुलगी पूर्वा बंगळुरूला नोकरीला होती. घरात आता त्या आणि त्यांची धाकटी आत्या गोदाबाई, बहात्तर वर्षांच्या, अशा दोघीच. शिवाय पूर्वाच्या इंजिनियरिंगच्या वेळी घेतलेला एक संगणक, झालरीच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला. दोन हजार तेराच्या पावसाळ्यात ते कव्हर निघालं, आणि शेरा लिहिणारे साहेब पुन्हा खरे ठरले.

झालं असं, की धायरीच्या विहाराचे चिटणीस संभाजी ओव्हाळ यांना अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमात गोदाबाईंची आठवण दाखवायची होती. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी गोदाबाई हजर होत्या. तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या. आता त्यांना स्टेजवर चढवत नाही आणि माइक दिसला की बोलवत नाही, म्हणून पूर्वाने मे महिन्यात सुट्टीवर आली असताना त्यांचं बोलणं कॅमेऱ्यात घेऊन ठेवलं होतं. सगळं मिळून दोन तासांच्या आसपास, त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याची आरोळी धरून. संभाजींना दहा मिनिटं हवी होती.

पहिल्यांदा नंदाताई नारायण पेठेतल्या एका स्टुडिओवाल्याकडे गेल्या. लग्नाच्या फिती करणारा तो. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मागे सनई टाकू. मधे मधे फुलं पडताना दाखवू. आणि आजींना जरा शुद्ध बोलायला सांगता येईल का?"

नंदाताईंनी त्याच्याकडून डिस्क परत घेतली आणि बसस्टॉपपर्यंत पायी आल्या. वाटेत त्यांना रस्ता दिसला नाही.

पूर्वा फोनवर म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? नेटवर शंभर फ्री एडिटर्स आहेत. कुठलाही डाउनलोड कर आणि घरीच कर ना."

'कुठलाही' ही खरेदीची पद्धत नव्हे. नंदाताईंनी चार सॉफ्टवेअरं निवडली, आणि ज्या हाताने कार्यालयात पंखे, कपाटं आणि शाई घेतली त्याच हाताने तुलनात्मक तक्ता केला. कापणे: होय. जोडणे: होय. अक्षरे टाकणे: होय. आवाज कमी-जास्त: होय. जुन्या संगणकावर चालेल काय: दोघांचे होय, दोघांचे प्रयत्न करून पाहा. आणि दर: शून्य, शून्य, शून्य, शून्य. इतक्या वर्षांच्या नोकरीत चारही पक्षांनी सारखाच न्यूनतम दर दिल्याचं हे पहिलंच उदाहरण. कार्यालयात असं झालं असतं तर संगनमत म्हणून चारही निविदा परत पाठवाव्या लागल्या असत्या. नंदाताईंना तेवढ्यावर शंका यायला हवी होती. आली नाही. ज्याच्या रकान्यांत जास्त 'होय' होते ते पहिलं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं.

मग दुपारची कामं आटपली की त्या संगणकासमोर बसायच्या आणि गोदाबाई शेजारच्या खुर्चीत. दोन तासांची दहा मिनिटं करायची म्हणजे सोनाराचं काम. भर कमी, भीती जास्त. काय ठेवायचं यावर मात्र दोघींत वाद नव्हता. आगगाडीची गोष्ट ठेवायची होती. बाकीचं तिच्या आगेमागे.

गोष्ट अशी. गोदाबाई पडद्यावर सांगत: "पुलगावच्या ठेसनावर गाडी आली तं पाय ठेवाले जागा नाही. सारे पांढरे कपडे घालून. वर्ध्याले टीसी चढला. म्हणे, आज काय, सारेच फुकटे चालले नागपूरले! माह्या बापानं खिशातून तिकिटं काढली अन् हात वर केला. ते पुठ्ठ्याची तिकिटं रायत होती न. मंग बाजूच्यानं केला. मंग साऱ्या डब्यानं हात वर केले. टीसी पायतच रायला." इथे गोदाबाई थांबत, आणि मग त्यांना हसू फुटे. "अन् ही नंदी माह्या मांडीवर. दोन वर्साची. अख्ख्या डब्यात फुकटी म्हणजे ही एकटी!"

हे शेवटचं वाक्य ठेवावं की कापावं, यावर नंदाताईंनी एक अख्खी दुपार घालवली. दोन वर्षांच्या मुलाला तिकीट नसतं हे रेल्वेच्या नियमात बसतं, अशी अक्षरं खाली टाकावीत असंही त्यांच्या मनात आलं. 'फुकट' हा शब्द त्यांच्या फार ओळखीचा होता. बढती मिळाली त्या दिवशी शेजारच्या टेबलावरून "काय, मिळाली का फुकटातली?" अशी चौकशी झाली होती, चौकशी करणाऱ्याने पेढा मात्र दोनदा उचलला होता. शेवटी त्यांनी वाक्य ठेवलं. गोदाबाई हसताना चांगल्या दिसत होत्या.

काम पूर्ण झालं. आता फक्त फिल्म संगणकातून बाहेर काढून डिस्कवर घ्यायची. नंदाताईंनी बटण दाबलं, चहा केला, परत येऊन पाहिलं, आणि चहा तसाच राहिला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, तिरक्या, करड्या, जाड अक्षरांत कंपनीचं नाव उमटलं होतं. त्याखाली इंग्रजीत 'फ्री व्हर्जन'. पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत. नाव गोदाबाईंच्या कपाळावरून शिरून हनुवटीवरून बाहेर पडत होतं. नंदाताईंच्या आजोबांनी तिकिटं वर केली तिथेही तेच. शेजारी एक चौकट आली होती: पैसे भरा, अक्षरं काढून टाकू.

गोदाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे काय लिवलं माह्या तोंडावर?"

"कंपनीचं नाव आहे, आत्या."

"कायले?"

नंदाताईंनी पूर्वाला फोन लावला.

पूर्वाकडे उत्तर तयार होतं. "आई, इट्स जस्ट अ वॉटरमार्क! सगळ्यांच्याच व्हिडिओवर असतो. थांब, मी कार्डाने भरते, दोन मिनिटांत जाईल."

"खबरदार भरलेस तर."

"अगं, पण किरकोळ पैसे आहेत."

"पैशाचं मी बोलतच नाहीये. अट आधी सांगायची असते, पूर्वा. यांनी माझ्याकडून सगळं काम करून घेतलं आणि माल उचलायला गेले तर दारात आडवे झाले."

"टर्म्समध्ये लिहिलं असेल ना खाली कुठेतरी."

"असेल ना. बारीक अक्षरात. आणि इथे बघ कसं लिहिलंय, पाटीएवढं! आणि लिहिलंय काय, तर फ्री. कोण फ्री? ती? तिच्या बापाने तिकीट काढलं होतं."

पूर्वा हळूच म्हणाली, "ओके. नाही भरत."

संभाजींना ही फिल्म पेन ड्राइव्हवर दाखवली, तर त्यांना काही वावगं दिसेना. "ताई, हाय ते चालतंय की. तोंड दिसतंय, आवाज येतोय. आठ दिस राहिलेत. आन् ते वाचणार हाय कोण?"

"मी वाचणार आहे," नंदाताई म्हणाल्या.

बातमी जिन्याने खाली उतरली आणि खालच्या मजल्यावरचे मोघे वर आले. गुणवत्तेची या देशात कशी गळचेपी चालली आहे, या विषयावर मोघ्यांची पत्रं वर्तमानपत्रात छापून येत. माणूस मदतीला तत्पर. सोसायटीत कुणाचाही संगणक अडला की हे हजर.

"अहो रामटेकेबाई, फुकटातल्या मालाचं असंच असायचं. फुकट ते पौष्टिक, हे संगणकाला लागू नाही," असं म्हणून त्यांनी खिशातून एक सीडी काढली. "हे घ्या. सिनेमावाले वापरतात ते आहे. किंमत विचारू नका, चक्कर येईल."

"आपण कितीला घेतलंत?"

"घेतलं?" मोघे मनापासून हसले. "अहो, कोण घेतं! भाच्यानं क्रॅक करून दिलं. आमच्याकडे सगळंच तसं. ऑपरेटिंग सिस्टीमपासून मराठी फॉन्टपर्यंत."

"म्हणजे ती गुणवत्तेवरची पत्रं...?"

"त्याच फॉन्टमध्ये!" मोघे अभिमानाने म्हणाले. "वळण बघितलंत ना त्याचं?"

नंदाताईंनी सीडी दोन बोटांत धरून परत केली. "नको, मोघे. आम्हाला चोरीचं परवडत नाही. आमची चौकशी लगेच लागते."

मोघ्यांना हा विनोद फार आवडला. ते पुन्हा हसले, चहा घेतला, आणि जाताना गोदाबाईंना नमस्कार करून गेले. पुण्यात टोमण्यांचा पुरवठा अखंड असला, तरी तो कुणाला लागेलच याची हमी कोणी देत नाही.

त्या दुपारी नंदाताईंनी तक्ता पुन्हा काढला आणि त्यात एक रकाना वाढवला: 'काम झाल्यावर पुरवठादार काय मागतो'. चूक इथे झाली होती, आणि ती त्यांचीच होती. दर काय, हे त्यांनी चौघांना विचारलं. मोबदला काय, हे एकालाही नाही. दुसरं सॉफ्टवेअर तपासलं, तर ते पाच मिनिटांपेक्षा लांब फिल्म बाहेर सोडत नव्हतं. तिसरं शिरलं ते आपल्याबरोबर आणखी तिघांना घेऊन, आणि इंटरनेट उघडल्यावर येणारं पहिलं पानच त्याने बदलून टाकलं. पाहुण्याने राहायला यावं आणि भिंतींना स्वतःच्या आवडीचा रंग देऊन जावं, तसं. राहिलं चौथं.

चौथ्याला विक्रेताच नव्हता. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी आपापल्या वेळात लिहिलेलं ते सॉफ्टवेअर. नंदाताईंनी पहिल्या खेपेला त्याला मागे टाकलं होतं ते याच कारणाने: बिघडलं तर नोटीस कुणाला काढायची? आता त्यांनी त्याचा परवाना शब्दकोश शेजारी ठेवून अथपासून इतिपर्यंत वाचला. दंडाचं कलम शोधत होत्या. सापडलं ते असं, की वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र देताना त्यालाही हीच मोकळीक द्या. अट होती, पण ती दडवलेली नव्हती. त्यांनी ते कलम दोनदा वाचलं. यांचा यात फायदा काय, ते त्यांना कळलं नाही, आणि न कळल्याचा राग आला नाही.

राग यायला दुसरी कारणं होती. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम चौथ्यात उघडेना. म्हणजे सगळं मुळापासून. जुना संगणक या सॉफ्टवेअरने पुरता टेकीला आला. तीन-चार मिनिटांपलीकडे फिल्म गेली की पडदा गोठायचा. गोठला की केलेलं गेलं. नंदाताईंनी फिल्मचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा वेगळा केला, प्रत्येक कापणीनंतर जतन केला. एका चित्रातून दुसरं चित्र अलगद उमलण्याची हौस सोडून दिली. आगगाडीचा तुकडा सगळ्यात जास्त वेळा गेला.

"नंदे," गोदाबाई शेजारून म्हणाल्या, "किती डाव मले गाडीत चढवतं वं? पाय दुखून रायले माहे."

"आत्या, एकदाच. ही शेवटची."

"सकाळीबी शेवटचीच होती."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुकडे जोडले गेले. नंदाताईंनी बटण दाबलं. या वेळी चहा केला नाही, बसून राहिल्या. फिल्म बाहेर आली. त्यांनी ती पहिल्यापासून पाहिली, गोष्टीकडे अजिबात लक्ष न देता, फक्त चारी कोपरे तपासत. मग कपाळ. मग हनुवटी.

दुसऱ्या दिवशी धायरीच्या विहारात भिंतीला चादर बांधून तीवर फिल्म दाखवली. चित्र धाडकन बदलत होतं आणि एका जागी कुकरची शिट्टी राहून गेली होती. गाडी वर्ध्याला आली, टीसी चढला, तिकिटं वर झाली, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपला हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "फुकटी म्हणजे ही एकटी" याला सगळा हॉल हसला, माना वळवून नंदाताईंकडे पाहू लागला, आणि नंदाताई चष्मा पुसू लागल्या.

"ताई, एकदम क्लीन आलंय," संभाजी म्हणाले. "कुणाचं नाव नाय, गाव नाय."

गोदाबाईंचा अभिप्राय वेगळा होता. "लुगडं चांगलं दिसते माहं," त्या म्हणाल्या. "पण म्या एवढी म्हातारी हाव का?"

चौथ्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात देणगीचं लहानसं बटण आहे. ते दाबलंच पाहिजे असं परवान्यात कुठेही लिहिलेलं नाही. सोमवारी सकाळी नंदा दामोदर रामटेके यांनी पूर्वाला फोन करून तिच्या कार्डावरून तिथे पैसे भरायला लावले, आणि बँकेत जाऊन तेवढे पैसे पूर्वाच्या खात्यात जमा केले.