दोन तासात परकोट

आमच्या चंद्रपूरले चार मोठे गेट आहेत हे बाहेरच्या लोकायले माहीतच नसते! ते येतात, जीपमध्ये बसतात, ताडोब्याले जातात, वाघ पाहतात अन घरी जातात. अन इथी अख्ख्या जुन्या शहराले वेढा घालून गोंड राजायचा परकोट उभा आहे, दगडी भिंत, बुरूज, गेट, सगळं! त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाई. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाले मले याचा लय राग येत होता. पहिल्या वर्षापर्यंत मीही मान वर केली नव्हती, ते सोडा. आमचं घर बागड खिडकीजवळ. खिडकी म्हणजे भिंतीतलं लहान दार, माणूस आरपार जाते. तिथीच अब्बाचं गाद्या भरायचं दुकान. परकोटाचा आमच्या घरी उपयोग एकच, रजया वाळू घालायचा.

तर आमच्या इतिहासाच्या सरायनं ठरवलं की दर महिन्याले परकोटाची पायी सहल काढायची. दाखवणार कोण? मी तर उडीच मारली. पण आमच्या वर्गात एक पोरगा होता, त्याचं मराठी एकदम पुस्तकातलं, "सदर वास्तू" अन "तत्कालीन स्थापत्य" असं बोलायचा. सरायले तो आवडायचा. मीही आवडत होती, पण माझ्या बोलण्याले ब्रेक नाई म्हणायचे.

शेवटी सर म्हणाले, "पुण्याचे सहा पाहुणे येत आहेत. पहिली चक्कर तू घे. आठले जटपुरा गेट, दहाले आंचलेश्वर गेट. साडेदहाले त्यांची ताडोब्याची जीप आहे. वेळेत पोचवलंस तर सहल तुझी. नाई पोचवलंस तर त्याची."

दोन तास! मी अब्बाचं घड्याळ हातात बांधून तीनदा चालून पाहिलं. बोलणं धरून पावणेदोन तास. पंधरा मिनिटं शिल्लक! म्हणून मले वाटलं, खरी मजा तर दाखवलीच पाहिजे. झालं काय, रस्त्यावरून परकोट अर्धाच दिसते. लोकायचे घरं भिंतीले टेकून उभे आहेत, चांगले चांगले दगड तर त्यायच्या आंगणात. मंग मी आदल्या दिवशी चार घरी जाऊन सांगून आली, "मावशी, उद्या पुण्याचे पाहुणे येऊन राह्यले. मागच्या दारानं भिंत पाहून जाऊ. पाचच मिनिटं."

चारही घरचे म्हणाले, "हाव ना, आण ना!"

मी नाचत घरी आली. अब्बा लांब सुईनं गादीले टाके मारून राह्यले होते.

"कित्ते घर बोली?"

"चार."

"मेहमान आरे, ऐसा बोली?"

"हाव."

सुई थांबली. अब्बा हसले. "फिर तो गई तू, बेटा."

मले काहीच समजलं नाई. चंद्रपुरात जन्म गेला, तरी नाई समजलं! आता टाइप करतानाही कपाळावर हात मारून राह्यली.

सकाळी आठले जटपुऱ्यावर हजर. थंडीचे दिवस, ऑटोवाले हॉर्न मारून राह्यले, अन गेटवर कोणाच्या तरी वाढदिवसाचं मोठ्ठं बॅनर. त्याच्या मागं राजाचं निशाण कोरलं आहे, हत्तीवर चढून बसलेला सिंह. बॅनरवर मात्र गॉगल लावलेला एक भाऊ हात जोडून उभा.

मी म्हटलं, "इथला सिंह आज सुट्टीवर आहे. आंचलेश्वर गेटवर तोच मोकळा दिसते. तो आपण शेवटी पाहू, पक्का!"

पाहुण्यायमध्ये एक उंच मॅडम होत्या, पांढरे बॉयकट केस, काखेत चित्राची वही. सगळा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला होता त्यायचा. मी काहीही सांगितलं की विचारायच्या, "कशावरून?" भिंत राजानं बांधली. कशावरून? हा बुरूज आहे. कशावरून? माझे पंधरा मिनिटं तिथीच संपले.

पहिलं घर म्हशीवाल्या भाऊचं. आत गेली तर माझे डोळेच फिरले. म्हशी हलवलेल्या, आंगण सारवलेलं, सहा खुर्च्या मांडलेल्या, शेजारच्या घरून आणलेल्या! अन पितळेच्या मोठ्या गिलासात उकळतं दूध.

"भाऊ, आम्ही फक्त भिंत पाहाले..."

"भिंत कुठी पळून चालली का वो? राजाच्या टाइमापासून उभी हाये. दूध थंडं होऊन राह्यलं."

एवढं गरम दूध पाच मिनिटात पिऊन दाखवा तुम्ही! सर फुंकर मारत होते अन एका डोळ्यानं घड्याळ पाहत होते. तेव्हा मले अब्बाचं हसणं समजलं. आमच्याकडे पाहुणे येणार म्हणून सांगून ठेवलं म्हणजे चूल पेटलीच समजायचं.

दुसऱ्या घरी सांबारवडी! बेसनाच्या पारीत कोथिंबीर भरून तळलेली, तिखटजाळ, वरून कढी. तिथली काकू मले बाजूले ओढून रागावली, "सहाच म्हणाली होती न वो? तुम्ही तर आठ जण. मले फजित करते का?" म्हणजे मी अन सरही मोजण्यात होतो. पुण्याच्या एका काकायच्या डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं होतं, तरी ते तिसरी वडी उचलून राह्यले होते. सव्वानऊ.

तिसरं घर पोंभुर्ण्याच्या मावशीचं. लग्न होऊन ती इथी आली, पण माहेरच्या जंगलातली चारोळी तिच्या घरी कधी संपत नाई. तिनं लाखोळीच्या डाळीचे वडे काढले होते अन अजून काढूनच राह्यली होती. मी तिच्या कानाशी लागली.

"मावशी, मले दहाले आंचलेश्वरले पोचाचं आहे. नाई तर सहल त्या दुसऱ्या पोराले भेटते वो!"

"मंग खाऊन जा ना. उपाशी कुठी पोचशीन?"

मी रडकुंडीले आली. सरायकडे पाहिलं तर सरायच्या हातात वडा. तेवढ्यात मॅडम सरळ चुलीपाशीच गेल्या. चुलीच्या मागची भिंत काळी झाली होती, पण दगड मोठे मोठे, एकावर एक नीट बसवलेले. एका फटीत मिठाची बरणी बरोब्बर बसली होती.

"ही परकोटाचीच भिंत?" मॅडमनं हळूच विचारलं.

"हाव बाई," मावशी म्हणाली. "तीन भिंती माझ्या सासऱ्यानं बांधल्या. चौथी राजानं."

मी वाट पाहत होती. "कशावरून" आलंच नाई! मॅडम खाली बसल्या अन वही उघडून चूल, बरणी, दगड काढायले लागल्या. मावशी म्हणे, "उन्हाळ्यात पाठ लावून पाहा. आमच्याकडे कुलर नाई." मॅडमनं थंडीतच पाठ लावून पाहिली. मंग बाकीच्या पाचायनं रांगेत लावली. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती अन माझे सहा पाहुणे एका स्वयंपाकघरात राजाच्या भिंतीले टेकून बसले होते!

चौथं घर मी टाळणार होती, बोळीबोळीनं पळवणार होती. पण चौथ्या घरची काकू चहाचा ट्रे घेऊन बोळीच्या तोंडावरच उभी! चहा घेता घेता साडेदहा झाले, जीप आमाले शोधत तिथीच आली, हॉर्न वाजला, पाहुणे बसले, गेले. आंचलेश्वर गेट राह्यलं. सिंह राह्यला.

सरायनं रुमालानं तोंड पुसलं. "अट काय होती?"

"आंचलेश्वर."

"मग?"

मंग काय. मी मान खाली घालून दुकानात येऊन बसली. सहल गेली. अब्बायनं सगळं ऐकलं अन एवढंच विचारलं, "मेहमान भूके तो नई गए ना?" मले हसूही आलं अन रडूही.

संध्याकाळी शेजारच्या एसटीडी बूथवाला भाऊ ओरडत आला, "पोरी, पुण्याच्या बाईचा फोन!" मी चप्पल न घालता पळाली.

"अगं, वाघ दिसला नाही," मॅडम म्हणाल्या. "दुपारभर नुसती धूळ खाल्ली. उद्या सकाळी नऊला बल्लारशाहून गाडी आहे. त्याआधी तुझा तो सिंह तरी दाखव. तुझ्या सरांनाही सांगितलंय."

या खेपेले मी हुशार झाली होती. कोणाले, म्हणजे कोणालेच सांगितलं नाई. सकाळी सहाले दोन ऑटो, सरळ आंचलेश्वर गेट. झरपट नदीकडून धुकं येऊन राह्यलं होतं, रस्ता रिकामा, अन वर दगडात तो सिंह! केवढा मोठा! अन पायाखाली हत्ती एवढुसा, मांजरीएवढा.

"सिंहापुढे हत्ती इतका लहान कशावरून?" मॅडम आल्याच मूळ पदावर.

"मॅडम, गेट राजा बांधून राह्यला होता. हत्ती बांधून राह्यला असता तर उलटं असतं."

सगळे हसले. सरही हसले! मी घड्याळ पाहिलं. अवघे सहा मिनिटं झाले होते. मी सरायले घड्याळ दाखवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काऊन वो पोरी! पाहुणे घेऊन आली अन सांगतलं नाई?"

पोंभुर्ण्याची मावशी, हातात पूजेचं ताट, गेटाजवळच्या आंचलेश्वराच्या देवळातून बाहेर आलेली. अन खरंच रागावली होती, तोंड एवढं फुगवलेलं. "कालचे वडे कडू लागले का तुमाले?"

मी म्हणणार होती, मावशी, गाडी आहे, वेळ नाई. पण माझ्या आधीच मॅडम तिच्या मागं निघाल्या होत्या. मॅडमच्या मागं बाकीचे पाच. अन सगळ्यायच्या पुढं कोण? आमचे सर!

गाडी भेटली त्यायले, काळजी करू नका. वडे पेपरात बांधून नेले.

सोमवारी कॉलेजच्या बोर्डावर सहलीचा कागद लागला. दाखवणार म्हणून माझं नाव! त्या पोराकडे गेटाच्या इतिहासाचं पत्रक लिहायचं काम आलं, अन लिहिलंही त्यानं मस्त, मानावं लागते. कागदावर "वेळ : दोन तास" असं टाइप केलेलं होतं. त्याच्यावर लाल पेनाची रेघ, अन खाली सरायच्या अक्षरात लिहिलेलं, "कृपया नाश्ता करून येऊ नये."