पुट्टीखालचा पंजा

गाड्यांचे पोचे काढणाऱ्या थोरल्या डेंटरला जगात दोनच गोष्टींचा आदर होता, स्वतःचा हातोडा आणि स्वतःचा तळहात. बाकी सगळे त्याच्या लेखी अडाणी. डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवला की केसाएवढा पोचाही त्याला कळायचा, हे खरं. पण या एवढ्या भांडवलावर त्याने तीस वर्षं जो भेटेल त्याचा पाणउतारा केला.

सर्वांत जास्त धाकट्या भावाचा. धाकटा रंगारी. जुन्या गाडीचा गंज घासून पत्रा उघडा पडला की तो हातमोजे चढवायचा, पत्रा थिनरने पुसायचा, प्रायमर मारायचा आणि मगच पुट्टीचा डबा उघडायचा.

"ऑपरेशन चाललंय का रे?" थोरला गिऱ्हाइकांसमोर खिदळायचा.

"दादा, पुसल्यावर हात नको लावूस. घामाने गंज धरतो."

"माझ्या हाताने? तू रांगत होतास तेव्हापासून पत्रा ओळखतो हा हात!"

दोन वर्षांपूर्वी केलेली एक गाडी परत आली. मालकीण निवृत्त शिक्षिका, गाडी तिच्या दिवंगत नवऱ्याची. पुढच्या मडगार्डवर रंगाला फोड आले होते. थोरल्याला उकळ्याच फुटल्या.

"प्रायमर कच्चा! बाई, तुमच्यासमोर पुट्टी उतरवतो. ज्याची चूक निघेल, त्याने या गॅरेजात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याचं घर याच गॅरेजावर चालत होतं. थोरल्याने मात्र पटाशी घेतली आणि मोठ्या थाटात खरवडायला लागला. पुट्टीचे पोपडे खाली पडले, त्यांच्यासोबत प्रायमरही निघाला. आजूबाजूचा पत्रा स्वच्छ होता. मधोमध तेवढा तांबूस गंज.

बाईंनी चष्मा सावरला. "अहो, हा तर पंजा आहे!"

पंजाच होता. चार बोटं पूर्ण, करंगळीशेजारचं अर्धं. पत्रा कापायच्या कात्रीने थोरल्याचं तेच बोट कधीकाळी अर्धं नेलं होतं.

"मी पुसून जेवायला गेलो, तेव्हा फिरवलास ना हात?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने हात खिशात घातला. तो शटरकडे वळला.

"कुठे निघालास? पत्रा कोण घासणार?" धाकट्याने हातमोज्यांचा जोड त्याच्यापुढे धरला.

सगळ्यांसमोर थोरल्याने ते चढवले. एका बोटाचं टोक रिकामंच लोंबत राहिलं.