खाचेपर्यंत की टोकापर्यंत

आधी मॅडमचं सांगते, मग काय झालं ते. माझं काम टिकलं ते त्यांच्यामुळे, आणि काम टिकलं हे त्यातलं लहान. चूक झाली की माणसाला हाकलायच्या आधी चूक कुठे झाली ते शोधायचं असतं, हे मी पस्तिशी उलटल्यावर त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

मी परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला बोईसरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आले. आमचं घर माळकरी, मासा मी शाळेच्या पुस्तकातच पाहिलेला. आणि काम मिळालं ते पापलेटं मोजायचं! आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मोजतीस तेवढंच ना?"

मॅडम मासळीवर संशोधन करतात. पालघरला भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचं काम चालतं. किनाऱ्यावरच्या मुरबे गावाला होड्या लागल्या की मी शेअर रिक्षानं तिथे जायची. टोपलीतलं एकेक पापलेट लाकडी पट्टीवर ठेवायचं, तोंड टोकाला टेकवायचं, लांबी वाचायची आणि मोबाइलमध्ये भरायची. पापलेटाची शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली असते. मॅडमनी शिकवलं होतं, टोकापर्यंत नाही, मधल्या खाचेपर्यंत मोजायचं. जाळ्यात, बर्फात टोकं मोडतात, खाच मोडत नाही. ज्या मावशीच्या टोपल्या आम्ही मोजायचो ती रोज हसायची. "काय गो, झबला शिवतेस काय त्याला?"

पुढे मॅडमचा लेख छापून आला, की इथलं पापलेट दोनतीन वर्षांतच आखूड झालंय. त्यांनी मुरब्यात बैठक घेऊन लोकांनाही तेच सांगितलं. पिल्लंही अडकतात अशी बारीक भोकांची जाळी थांबवावी असं काहीजण मनावर घ्यायला लागले. मला तर फार अभिमान वाटला. ती पापलेटं मी मोजलेली होती.

मग लांबच्या कुठल्याशा शास्त्रज्ञाचा मेल आला. त्यानं साधंच विचारलं होतं, एवढ्या थोड्या वर्षांत मासा इतका आखूड कसा होईल? मॅडम दिवसभर आकडे चाळत बसल्या. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही मोजता ते कुठपर्यंत?"

मी लगेच म्हटलं, "मॅडम, माझंच चुकलं असंल."

"काय चुकलं?"

"ते माहीत नाही. पण माझंच असंल."

शाळेत गुरुजींचा हात उठला की मी उत्तर न बघताच 'चुकलं' म्हणायची, मार कमी बसायचा. ती सवय माझ्या अंगात मुरलेली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "ताई, काय चुकलंय ते मलाही अजून कळलेलं नाही. तुम्ही कबूल करून टाकलंत तर मी शोधायचं थांबवीन. आणि चूक तिथल्या तिथेच राहील."

त्यांनी मला एक पापलेट मोजून दाखवायला लावलं. बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर मोजता." मग कॉम्प्युटरवर जुने फोटो काढले, मी यायच्या आधीचे. तेव्हा मॅडम स्वतः दोन विद्यार्थ्यांना घेऊन मोजायच्या. एका फोटोत त्यांचंच बोट पट्टीवर होतं, शेपटीच्या टोकाशी. आधीची मोजणी टोकापर्यंतची, माझी खाचेपर्यंतची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मासा आखूड दिसणारच! पद्धत बदलली तेव्हा जुने आकडे जुळवून घ्यायचे राहून गेले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "काम जायची तयारी ठेव. साहेब लोक वरून खाली बघत येतात, आन् सगळ्यात खाली तूच हायस."

"फोटोत बोट त्यांचं आहे."

"फोटो कोण बघतंय?"

मला झोप लागेना. त्याचं म्हणणं मी मॅडमकडे यायच्या आधी कारखान्यात पॅकिंगला होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघी मुरब्याला बसलो आणि प्रत्येक पापलेट दोनदा मोजलं, खाचेपर्यंत आणि टोकापर्यंत. त्यावरून जुनी मापं नव्या मापात बसवली. तेव्हा फरक इतका उरला, की त्यावरून काहीच ठाम सांगता येईना. छापलेला लेख मागे घेते असं मॅडमनी मासिकाला लिहिलं. त्यांच्या वरच्या साहेबांचे फोन यायचे तेव्हा त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलायच्या. परत आल्या की कान लाल असायचे.

मग मुरब्यात पुन्हा बैठक. मी सगळ्यात मागे पदर घेऊन बसले. मॅडमनी उभं राहून सांगितलं, की पापलेट आखूड झालं असं मी म्हणाले होते, ते माझ्या मोजणीतून सिद्ध होत नाही.

मावशी पहिली बोलली. "म्हंजे एका रातीत मोटा झाला काय पापलेट?" सगळे हसले.

मागून एकजण म्हणाला, "ती मोजनारी बाई परगावची. तिला काय ठाव पापलेट!"

माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "नाही. ताईंनी मी शिकवलं तसंच मोजलं, आणि नीट मोजलं. दोन मापं एकत्र केली ती मी. चूक माझी आहे."

एक म्हातारे काका उठले. "बाई, पापलेट बारका झालाय ते आमाला ठाव हाय. तुमचा कागद चुकला, पन गोष्ट खरी हाय. मागं कशाला घेता?"

मला वाटलं, आता मॅडम सुटल्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण त्या म्हणाल्या, "गोष्ट खरी असेल, काका. पण मला ती दिसली नाही, आणि दिसली असं मी सांगितलं. उद्या कुणी हे मोजमाप तपासलं, तर माझ्यापायी तुमचं खरंही खोटं ठरेल. मला परत मोजू द्या. वेळ लागेल."

काकांना ते पटलं की नाही, कळलं नाही. ते खाली बसले. काहीजण उठून गेले. मावशी मात्र जाता जाता म्हणाली, "उद्या लवकर ये गो. टोपली भरली की मी थांबनार नाय."

येताना रिक्षात मी रडले. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? पण एक करा. माझं काही चुकतंय असं वाटलं की मला तोंडावर सांगा. शेपटी दोन तऱ्हेनं मोजली जातेय का, हे मला विचारणारं कुणीतरी जवळ हवं होतं."

मी मान डोलावली. अजून जमलेलं नाही. परवाच त्या बर्फाच्या पेटीचं काही सांगत होत्या, मला वेगळं वाटलं, आणि मी 'हो मॅडम' म्हणून मोकळी झाले. पण फेडीन. एक दिवस त्यांच्या टेबलासमोर उभी राहीन आणि आवाज न कापता म्हणेन, "मॅडम, थांबा, इथे तुमचं चुकतंय."