नानांचा मुका उखाणा

सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून आमच्या शेजारच्या नाना चिंचोळकरांचं तोंड फक्त झोपेत बंद असतं. त्यात स्वतःच्या लग्नाची कॅसेट टीव्हीवर लावायचा चंग बांधला. जुन्या व्हीसीआरचा सिग्नल नव्या टीव्हीला कळेना. बाजारात सिग्नल बदलणारी तयार डबी मिळते म्हटलं, तर मलाच अडाणी ठरवलं आणि जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग करत स्वतःच सर्किट बनवलं.

परवा सगळ्यांना बोलावलं. चित्र आलं, आवाज नाही. पडद्यावर नवरदेव नाना उखाणा घेत होते. उखाणा दोन ओळींचा असतो, यांचे ओठ थांबेचनात.

नानांनी दुरुस्तीला सर्किट उचललं, तशी त्यांच्या बायकोनं, गोदावरीकाकूंनी, हात धरला.

"राहू द्या. काहून छेडून राहिले? लग्नापासून मी याच माणसाची वाट पाहून राहिली."