हॉल हा विषय आहे

उभ्या नागपुरात 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द न वापरता सत्तर वर्षं काढलेला माणूस एकच आहे, आणि तो आमच्या समोरच्या गल्लीत राहतो. आमचे हे आणि ते खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एका पाळीला होते, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. हे गेले. भाऊजी आहेत, आणि महापालिकेच्या दर निवडणुकीला अपक्ष उभे राहून पडतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण मला ते दोन्ही शब्द येतात आणि मी ते भरपूर वापरले आहेत. त्यामुळे आमचं दोघांचं भांडण जुनं आहे.

भाऊजींची बायको नवीन होती तेव्हा रोज सकाळी भाजी काय करू म्हणून विचारायची. भाऊजी म्हणायचे, "घरातल्या सगळ्यायच्या भावना लक्षात घेऊन कर." ती बिचारी लौकी करायची, कारण लौकीबद्दल कोणालाच भावना नसतात. एकदा आमच्याकडे जेवताना मी त्यांना भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी, कान लालबुंद. यांनी विचारलं, "तिखट झाला का गा?" भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "तिखट आहे, असं काही लोकायचं म्हणणं असू शकते." हसता हसता यांनाच ठसका लागला. खरं ते सांगते, आमच्या घरी जेवायला भाऊजींनी कधी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त परत गेल्यावर त्यांच्या गल्लीत कोणी विचारलं, कुठं होता, तर म्हणायचे, "जरा बाहेर होतो."

आमची गल्ली बौद्धांची. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली. भाऊजींच्या गल्लीत बाकीचे सगळे. मधे एक रस्ता, आणि भाऊजींना मतं हवीत रस्त्याच्या दोन्हीकडची. आरक्षणाचं विचारलं की आमच्या चौकात ते म्हणतात, "ज्याचं त्याले भेटलं पाहिजे." तिकडच्या चौकातही हेच वाक्य, याच आवाजात. दोन्हीकडे टाळ्या पडतात. जयंतीच्या मिरवणुकीला भाऊजी हार घेऊन रस्त्याच्या दुभाजकावर उभे. मिरवणुकीत आले आहेत की रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत आहेत, हे फोटोतही कळत नाही.

त्याच रस्त्यावर एक हॉल आहे. सरकारी पैशातून बांधलेला, बाहेर 'सर्वांसाठी' अशी पाटी. पण आमच्या गल्लीतून कोणी मागायला गेलं की कमिटी म्हणते, बुक आहे. बुक असलेल्या दिवशी आत कबुतरं असतात. यंदा माझ्या नातीचं लग्न ठरलं. तीनदा मागितला, तीनदा बुक. मुलाकडचे म्हणाले, घरासमोर हॉल असताना रस्त्यावर मांडव कशाला? काय सांगणार? पोरगी त्या दिवशी जेवली नाही. कमिटीचे सचिव भाऊजीच, किल्ली त्यांच्याच घरी खिळ्याला. आणि निवडणूक लग्नानंतर चार दिवसांनी.

ते आमच्या चौकात सभेला आले तेव्हा मी उभी राहिले.

"भाऊजी, हॉल आमच्या पोरीच्या लग्नाले भेटते का नाही? एका शब्दात सांगा."

"वहिनी, हॉल हा विषय आहे."

"विषय नाही. चार भिंती आहेत."

"भिंती आहेत. पण भिंतीमागं लोकायच्या भावना आहेत."

"मग भावना झाडून काढा, सतरंज्या आम्ही आणतो!"

सगळा चौक हसला. भाऊजीही हसले. हात जोडून पुढच्या चौकाकडे निघाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यावर बांबू रोवून राहिलो होतो, तर नात हळदीच्या अंगाने पळत आली. "आजी वं, हॉल उघडा आहे!" जाऊन पाहिलं तर दारात भाऊजी, इस्त्रीच्या कपड्यात, दुसरीकडे बघत. म्हणाले, "कुलूप उघडं असल्याचं दिसून राहिलं." मागाहून कळलं, वहीत त्यांनी स्वतःच्या नावाने 'कौटुंबिक कार्यक्रम' लिहून ठेवलं होतं. भंतेजी बसले, पांढऱ्या कपड्यांनी हॉल भरला, वंदना सुरू झाली. तेव्हा कमिटीचे दोघे दारात आले.

"काहून हो, तुम्ही यायले हॉल देला?"

"देला असंही म्हणता येते," भाऊजी म्हणाले, "अन् हॉल होताच, असंही म्हणता येते."

मग ते दोघे पाहत असताना भाऊजी पहिल्या पंगतीला जाऊन बसले आणि पोटभर जेवले. त्या दिवशी 'बाहेर होतो' म्हणायची सोय राहिली नाही.

चार दिवसांनी भाऊजी पडले. त्यांच्या गल्लीने मतं दिली नाहीत, कारण हॉल दिला. आमच्या गल्लीनेही दिली नाहीत, कारण देतो असं ते कधी म्हणाले नाहीत. मीसुद्धा दिलं नाही. एक तरुण बाई उभी होती. हॉल सगळ्यांचा आहे, असं ती दोन्ही चौकांत तोंडाने बोलली होती. मी तिला दिलं. कुलूप काय, चोरही उघडतो; मला चारचौघांत बोललेलं ऐकायचं होतं. तीही पडली.

निकालानंतर दोन दिवसांनी भाऊजी दुपारचे आले. बारीक दिसत होते. पाटावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुमचं मत यंदा..."

मी आयुष्यात कोणाचं मन राखायला गोलमोल बोललेली नाही. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते ओठापर्यंत आलं, आणि मी म्हटलं, "भाऊजी, सगळ्याच गोष्टीचा विचार केला."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ही भाषा या शहरात त्यांच्याइतकी कोणाला समजत नाही. मान हलवली, आणि म्हणाले, "ठेचा आहे का?"

मी भाकर आणि ठेचा वाढला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट झाला का, असं मी विचारलं नाही.